डावीकडची टेकडी

आमच्या ऑफिसातला प्रिंटर कागद गिळायचा आणि परत द्यायचा नाही, म्हणून मी त्या दुरुस्तीच्या दुकानाचा जिना चढले. काउंटरवर कुणी नव्हतं. आतल्या खोलीतून एक शांत आवाज येत होता, "आधी इंधन बघा. मग शौर्य."

डोकावले, तर चार-पाच कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्यापुढं चांगली मोठी माणसं जॉयस्टिक आवळून घामाघूम झालेली. लढाऊ विमानं उडवण्याचा खेळ चालला होता. एक खुर्ची रिकामी होती, तिचा मालक तापानं घरी पडला होता. आवाजाचा धनी म्हणजे दुरुस्तीवाला. त्यानं माझ्या काखेतल्या प्रिंटरकडं बघितलंच नाही.

"बसता का? एक विमान कमी पडतंय."

"मला सायकलसुद्धा येत नाही."

"सायकलला तोल लागतो. विमानात फक्त उंची सांभाळायची... आणि माझं ऐकायचं."

"दुसरं जरा कठीण आहे," मी म्हटलं, आणि बसले.

पुढं मी दर रविवारी जाऊ लागले आणि त्या खोलीत माझं नाव 'घार' पडलं. दुरुस्तीवाल्याला सगळे 'सेनापती' म्हणत. खेळाबरोबर आलेल्या लढाया त्याला मिळमिळीत वाटायच्या, म्हणून तो स्वतःच्या मोहिमा रचायचा. नदी कुठून वळते, तोफा कुठल्या टेकडीवर, ढगाआड कोण दबा धरून बसलंय, सगळं त्याचं. एका रविवारी आम्ही जो पूल शाबूत सोडला, त्यावरून पुढच्या रविवारी शत्रूचे रणगाडे यायचे. गमावलेलं परत मिळत नसे. ज्याचं विमान पडलं तो मोहीम संपेपर्यंत बाद, आणि त्यानं बाकीच्यांना चहा करायचा. आणखी एक नियम होता. पुढच्या लढाईबद्दल सेनापतीनं वैमानिकांशी अवाक्षर बोलायचं नाही.

त्या नियमानं घात केला. लढाईबद्दल बोलायचं नाही म्हणून आम्ही बाकी सगळं बोललो. जिन्यात, दारात, त्याच्या टेबलापाशी. त्याचे हात बारीक स्क्रू फिरवत असायचे आणि नजर मधेच वर यायची... मग मला घरची वाट आठवायची नाही.

घरी वहिनी विचारायची, "वन्सं, तुमचा प्रिंटर अजून आजारीच का?" दादा वर्तमानपत्राआडून खोकायचा.

मग माझ्या बदलीचा हुकूम आला. दुसरं शहर, बढतीची जागा, नाकारण्यासारखी नव्हतीच. मोहिमेची शेवटची लढाई उरली होती. मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ एकच स्क्रू पिळत राहिला. "लांब आहे," एवढंच म्हणाला.

मी मनाशी ठरवलं, रविवारपर्यंत वाट बघायची. हा बोलला नाही, तर प्रिंटर दुरुस्त झाला असं समजायचं.

त्या रविवारी दोनच विमानं शिल्लक होती, माझं आणि खालच्या औषधाच्या दुकानातल्या काकांचं. नदीवरचा मोठा पूल पाडायचा होता. तो राहिला तर सगळी मोहीम पाण्यात. आम्ही खोऱ्यातून पाण्याला चिकटून निघालो, काका उजव्या काठानं, मी नेहमीसारखी डाव्या. बाद झालेले बाकीचे भिंतीशी उभे राहून बघत होते. सेनापती आपल्या पडद्यामागं मान खाली घालून बसलेला.

वळण आलं आणि उजवीकडून तोफा धडाडल्या. काकांचं विमान पेटून नदीत गेलं. "चहाला लागतो," ते पुटपुटले, पण उठले नाहीत, माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

माझ्या बाजूला मात्र शांतता. डावीकडची टेकडी सरळ पुलावर नजर ठेवून होती, आणि तिच्यावर एकही तोफ नव्हती.

पुलाजवळची टेकडी हा माणूस कधी मोकळी सोडत नसे. कधीच नाही. मला कळलं. आधी कान तापले, मग डोकं.

पूल समोर होता. मी बॉम्ब टाकले नाहीत. विमान वर खेचलं, वळवलं आणि उजव्या काठानं शिरले, तोफांच्या तोंडात. काकांनी डोक्याला हात लावला. पडदा थरथरला, एक पंख फाटला, इंधन गळायला लागलं. तरी पूल गाठला, आणि तो गेला. परतताना इंजिन बंद पडलं. विमान तरंगत धावपट्टीपर्यंत आलं, चाकं उघडली नाहीत, पोटावर घासत थांबलं.

काका निमूट चहाला गेले, बाकीचेही त्यांच्यामागं. आम्ही दोघंच उरलो.

"डाव्या टेकडीवरच्या तोफा कुठं गेल्या?"

तो पडद्याकडंच बघत म्हणाला, "सकाळपर्यंत होत्या. मग तुम्ही जिना चढताना दिसलात... आणि हात खोडायच्या बटणावर गेला."

"का?"

"तुम्ही पडलेल्या मला बघवलं नसतं. खेळातसुद्धा."

चार महिन्यांत त्याला एवढंच बोलता आलं, तेही गुन्हा सापडल्यावर. हसू येत होतं, पण मी आवाज कडक ठेवला. "माझी वाट मोकळी करायची नाही. सोबत यायचं तर या. पुढची मोहीम मी रचते. तुम्ही उडा."

नव्या गावी गेल्यावर मी ती रचली आणि फ्लॉपी पोस्टानं पाठवली. नदी, पूल, आणि हो, डाव्या टेकडीवर दाटीवाटीनं तोफा. मग काहीच आलं नाही. ना फोन, ना निरोप. दिवस जात राहिले. दारापाशी पाऊल वाजलं की मी उठायची आणि शेजारणीला बघून बसायची.

एका संध्याकाळी पाऊल वाजलं तेव्हा मी उठलेच नाही. दार ढकलून तो आत आला, हातात पिशवी, केस वाऱ्यानं विस्कटलेले.

"पडलो," तो म्हणाला. "पहिल्याच लढाईत. चहा कुठं करायचा?"

"सेनापती आणि पहिल्याच लढाईत? टेकडीवर तोफा असणार हे कळलं नाही?"

"कळलं होतं," तो म्हणाला. "म्हणून तर डावीकडून गेलो."

ती मोहीम आम्ही अजून संपवलेली नाही. त्यामुळं सकाळचा चहा आजही हेच करतात.