दुपारचे पावणेपाच किलो

“कोंबडीची पिसं उपटावीत तसं ओढतंय मेलं,” शैलेश कासार पडद्याआडून पुटपुटला.

“पाच महिने झाले, तुमची कुरकुर काही संपेना,” बाहेर बसलेली वैजयंती म्हणाली. “लग्नातल्या कोटालाही असंच बोलला होतात.”

मिरजेच्या वक्षघडण केंद्रात आज त्याची महिन्याची तपासणी होती. शोषघंटा म्हणजे भाकरीएवढी, भाकरीइतकीच पातळ नि मऊ चकती. ती छातीवर बसवायची आणि आतली हवा खेचून घ्यायची. हवा गेली की खाली दबलेलं हाड वर यायला बघतं. जुन्या घंटा हातपंपावर चालत, आणि कोवळ्या वयातच खऱ्या उपयोगी पडत, कारण तेव्हा कूर्चा नरम असते. आता मृदुलेप लावला की पन्नाशीची कूर्चाही नमते, आणि कधी किती ओढायचं ते घंटाच ठरवते.

शैलेशच्या छातीत जन्मापासून खळगा. तरुणपणी त्यामुळे काही अडलं नाही. पण वय वाढलं तसं हाड हृदयावर टेकू लागलं, आणि प्रयोगशाळांसाठी काच फुंकणाऱ्या या माणसाचा दम अर्ध्यात तुटू लागला. चंबू दोन दमांत फुंकला की मधे वळ राहतो, आणि वळ असलेला चंबू आचेवर तडकतो. फुंकनळी खुंटीला लागली.

वैजयंतीला मात्र तो खळगा कधी व्यंग वाटलाच नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी जेवून तो आडवा झाला, तिनं डोकं टेकलं, आणि कान असा बसला की जणू माप घेऊनच जागा केलेली. तेव्हापासून रोज, दीड ते तीन. यावर घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. दार लोटलेलं असायचं, एवढंच.

घंटा लागली तेव्हा आठ दिवस तिनं उशी घेतली. नवव्या दिवशी तोच म्हणाला, “त्या उशीत काय सोनं पुरलंय?” तेव्हापासून तिचं डोकं पुन्हा तिथंच, घंटेवर; आणि आपणच यांच्या उपचाराची वाट लावतोय, हा घोर तिला लागलेला.

डॉ. अन्विता मगदूमनी पडदा सारला आणि भिंतीवरच्या काचफळ्यावर दाबलेख उघडला. घंटेला शिकतं करणारा तौफिक मुजावर शेजारी वाकून बघत होता.

“काका, रोज दीड वाजता दाब शून्यावर येतो आणि तीनला पुन्हा चढतो. घंटा काढून ठेवता का?”

“छे! देवाशपथ नाही.”

“काढलेली नाहीये,” तौफिक म्हणाला. “घंटेनंच सोडलंय. त्या वेळी छातीवर बाहेरून काहीतरी येतं. पावणेपाच किलो.”

वैजयंतीनं पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

“मांजर असेल,” शैलेश छताकडे बघत म्हणाला.

“आपलं मांजर जाऊन चार वर्षं झाली.” तिच्या तोंडून निसटलंच.

“मग शेजारचं.”

“रोज? ठोक्याला दीड वाजता?” तौफिकनं विचारलं. अन्वितानं हळूच त्याच्या पायावर पाय दिला आणि घाईनं विषय वळवला, “पण भार आला तर घंटेनं जास्त ओढायला हवं ना?”

“हाड वर काढ असं आपण तिला सांगितलेलंच नाही, मॅडम. आपण सांगितलंय, हृदयाचे कष्ट कमी कर. ती ओढून बघते, सोडून बघते, आणि ज्यानं ठोके निवांत होतात ते धरून ठेवते. अख्ख्या दिवसात काकांचं हृदय सगळ्यांत निवांत असतं ते याच दीड तासात. मग ती ओढेल कशाला? हृदयावरचं हाड तिनं उचललंय. मघाशी काकाच म्हणाले, काल लिटरभराचा चंबू एका दमात फुंकला. वरच्या बाजूला थोडा खळगा तेवढा तिनं राखलाय. उथळ, पण बेतशीर.”

वैजयंतीनं पाच महिन्यांचा कोंडलेला श्वास सोडला. तिनं काही बिघडवलं नव्हतं.

“म्हणजे सगळं छानच की!” शैलेश सदऱ्याकडे हात लांबवत म्हणाला.

“छानच आहे. पण अनोळखी भार मला तसाच सोडता येत नाही, काका. कारण नोंदवावं लागतं. नाहीतर घंटेचं शिकणं बंद करून दाब कायमचा बांधायचा. दोन महिन्यांत छाती सपाट.” अन्वितानं लेखणी उचलली. “काय लिहू?”

तौफिकला एकाएकी आपल्या बुटाची नाडी सैल वाटली.

“उशी लिहा,” शैलेश म्हणाला.

“उशीनं कुणाचे ठोके निवत नाहीत, काका,” तौफिक खालूनच बोलला.

शैलेश बारीक आवाजात म्हणाला, “बरं, बांधा दाब. सपाट तर सपाट. दम आला, झालं.” बोलता बोलता त्याचा तळवा त्या खळग्यावर जाऊन बसला होता.

वैजयंती उठली. पर्स खुर्चीवरच राहिली.

“काही बांधायचं नाही,” ती म्हणाली. “मांजर नाही नि उशी नाही. माझं डोकं असतं तिथं, एकतीस वर्षं. लिहा तसं. आणि तो खळगा मला हवाय. तिथं कान ठेवला की कळतं, हे आहेत.”