चौथ्या मजल्यावर टिपणीस सर

फोटो आणायचा होता, एवढंच काम. शनिवार, सव्वीस डिसेंबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, रात्रीचे पावणेनऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या टिपणीस सरांची शोकसभा होती आणि हार घालायला सरांचा एक बरा फोटो कुणाकडे नव्हता. सभेची व्यवस्था माझ्याकडे. मी धैर्यशीलला फोन केला, "तू गुडगावातच आहेस, सरांच्या फ्लॅटवरून घेऊन ये." किल्ली त्याच्याकडे होतीच. तो हो म्हणाला, पण जरा थांबून म्हणाला. ते थांबणं माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

यशराज, तो मोबाइल आधी बंद कर. तोंडावर उजेड पडतोय, भूत तूच वाटतोस. आणि सलोनी, भीती वाटणार असेल तर आत्ताच खाली जा. मध्येच "गुलाबकाका, बस यार" म्हणायचं नाही. या गच्चीवरून तुम्हाला आज नुसते दिवे दिसतात. तेव्हा हे गुरुग्राम नव्हतं, गुडगाव होतं. मोहरीची शेतं, धूळ आणि मध्येच उभा केलेला एखादा टॉवर. फ्लॅट सगळे विकलेले, राहायला मात्र कुणी आलेलं नाही. रात्री अख्ख्या इमारतीत पाच-सहा खिडक्या उजळायच्या. त्यातली एक सरांची.

सर काय माणूस होते ते आधी ऐका, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चौतीस वर्षं त्यांनी दिल्लीत आम्हा मराठी पोरांना गणित शिकवलं. त्यांच्या पत्नी लतिकाबाई सरकारी नोकरीत, म्हणून आर. के. पुरमला क्वार्टर. तिथून सर सायकलने शाळेत यायचे. छावणीतली फौजी मुलं वडिलांची बदली झाली की वर्षाच्या मध्येच येऊन पडायची. कुणाचं अर्धं बीजगणित बुडालेलं, कुणाला आकडेच हिंदीत येत. "एवढंही येत नाही?" असं सर कधी म्हणाले नाहीत. संध्याकाळी घरी बोलवायचे. व्हरांड्यात सतरंजी, लतिकाबाईंचे पोहे आणि सर. धैर्यशील असाच आठवीत आला, ऑक्टोबर महिन्यात. वडील सुभेदार, संपतराव, ते सीमेवर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरगा. सरांनी त्याला दोन वर्षं घासून दहावी पार करवलं.

आणि त्यांची शिक्षा. आमच्या शाळेत सगळे मास्तर वर्गाबाहेर उभं करायचे. सरही करायचे. पण ते स्वतः बरोबर येऊन उभे राहायचे. वर्गाला गणितं घालून द्यायची आणि बाहेर पोराच्या डाव्या हाताला भिंतीला पाठ लावून गप्प उभं राहायचं. मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही का?" तर म्हणाले, "एकट्याला उभं राहायला मलाही आवडत नाही रे." बऱ्याच वेळाने एकच प्रश्न विचारायचे. "बोलायचंय का?" खरं बोललं की दोघं आत. खोटं बोललं की ते काहीच म्हणायचे नाहीत, नुसते उभे. घंटा होईपर्यंत. रडू फुटायचं हो. छडी परवडली असती.

सर निवृत्त झाले, मग लतिकाबाई गेल्या. मुलगा मानस अमेरिकेत. त्याने हौसेने वडिलांना इथे फ्लॅट घेऊन दिला, चौथ्या मजल्यावर. त्या मजल्यावरचे बाकी तिन्ही फ्लॅट बंद. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना काळजी वाटायची. धैर्यशील म्हणाला, "मी आहे ना. दर रविवारी जाईन." आम्हाला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, आम्ही हात झटकले. मीसुद्धा.

मंगळवारी, बावीस तारखेला, चौकीदाराला संशय आला. तो शेजारच्या बाल्कनीतून आत उतरला. सर दाराशी बसलेले. पाठ दाराला टेकलेली, हातात पायातली चप्पल. पडून मांडीचं हाड मोडलं होतं. तिथवर सरपटत आले होते, पण कडीला हात पोचला नसावा. डॉक्टर म्हणाले, रविवारी कधीतरी पडले असतील. सोमवार रात्रीपर्यंत जिवंत असावेत.

मानस आला तेव्हा धैर्यशीलने त्याला सांगितलं, "रविवारी सकाळी मी सरांकडेच होतो. चहा घेतला आम्ही. छान बोलत होते." मानस त्याच्या गळ्यात पडून रडला. सगळ्यांना वाटलं, हा निघाल्यावर सर पडले. नशीब, दुसरं काय. मग सभेत मुख्य भाषण धैर्यशीलनेच करायचं असं ठरलं.

आता शनिवारची रात्र. त्या रात्री काय झालं ते धैर्यशीलने मला पुढे फेब्रुवारीत सांगितलं. कशामुळे सांगितलं, तेही सांगतो.

तो पोचला तेव्हा वीज गेलेली. धुकं असं की गेटवरून इमारत दिसेना. चौकीदाराने टॉर्च दिला. "साहब, जल्दी आ जाना. ऊपर कोई नहीं है."

लिफ्ट बंद. चार जिने चढला. किल्ली लावली, फिरली. कुलूप उघडलं. दार मात्र हलेना.

थंडीत लाकूड फुगलं असेल म्हणून त्याने खांदा लावला. दार बोटभर आत गेलं. आणि परत आलं. हळूच. खालच्या बाजूने कुणीतरी टेकून बसावं तसं.

तो मागे सरला. भिंतीला पाठ लागली.

मग त्याला कळलं, डावीकडे कुणीतरी उभं आहे.

टॉर्च हातात होता. वळवायची हिंमत होईना. उजेड समोरच्या दारावर. बाजूला श्वास... म्हाताऱ्या माणसाचा, सावकाश. पळावं म्हटलं तर पाय उचलेनात. आठवीत उचलायचे नाहीत तसे.

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही.

"बोलायचंय का?"

तोच आवाज. रागाचा नाही. रागाचा असता तर बरं झालं असतं, म्हणाला.

"सर, मी येणारच होतो..."

काही नाही.

"सर, ऑफिसचं काम निघालं..."

काही नाही. फक्त श्वास.

"सर... थंडी होती. रजईतून उठावंसं वाटलं नाही. तुम्ही शुक्रवारी ऑफिसात फोन केलात, चक्कर येते म्हणालात. मी रविवारी येतो म्हणालो. नाही आलो. चार महिने नाही आलो, सर."

...

दार आपसूक आत गेलं. डावीकडे कुणी नव्हतं.

तो आत गेला, भिंतीवरचा फोटो काढला, उतरला. रडत होता पण हलका झाला होता. घरी जाऊन त्याने लिहिलेलं भाषण फाडलं. उद्या सगळ्यांसमोर खरं सांगायचं, मानसची माफी मागायची. ठरलं.

आणि सकाळी हॉलमध्ये दोनशे माणसं. सरांच्या हाताखालून गेलेले कर्नल, डॉक्टर, क्लार्क, सगळे. मानस पहिल्या रांगेत. धैर्यशील माईककडे निघाला तेव्हा मानसने त्याचे दोन्ही हात धरले. "तू त्या दिवशी होतास रे. बाबा शेवटी एकटे नव्हते. नाहीतर मी कसा जगलो असतो?"

सांगा, काय करायचं माणसाने? धैर्यशील उभा राहिला आणि सगळं खोटं बोलला. चहा, गप्पा, सरांचं हसणं. अकरा मिनिटं. मीही डोळे पुसले. इतकं सुंदर बोलला तो.

मी टेबलावर माझा टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. सभा संपली तशी कॅसेट काढली आणि मानसच्या हातात दिली. कुणी ऐकलीसुद्धा नाही. त्याच रात्री त्याचं विमान होतं.

फेब्रुवारीत अमेरिकेहून पाकीट आलं. आत फक्त ती कॅसेट. चिठ्ठी नाही. मी मानसला फोन लावला, त्याने माझा आवाज ऐकून ठेवून दिला. धैर्यशीलचा तर त्याने पुढे कधी घेतलाच नाही.

मी धैर्यशीलला घरी बोलावलं. दोघांनी बसून लावली. मुख्याध्यापकांचं भाषण स्वच्छ. माझं स्वच्छ, खोकल्यासकट. मग माझी घोषणा, "आता धैर्यशील आपल्याशी बोलतील." खुर्ची सरकल्याचा आवाज.

मग धैर्यशीलचा आवाज नाही.

ठक ठक ठक.

लाकडावर, रबरी चपलेचा. आधी भराभर. मग थांबून... ठक ठक. मग आणखी थांबून.

धैर्यशीलने तोंड झाकलं आणि मला सगळं सांगायला सुरुवात केली. रविवार, रजई, ती शनिवारची रात्र. टेप चालूच होती. मी घड्याळाकडे बघत होतो. पाच मिनिटं. सात. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं...

नवव्या मिनिटाला एक. अगदी हलका.

त्यानंतर काही नाही. दोन मिनिटं नुसती टेप फिरत राहिली.

आणि मग माझाच आवाज, भरून आलेला. "धन्यवाद, धैर्यशील."