कँडीची नवरी

दुकानात शिरल्या शिरल्या तिनं फळीवर एक कार्ड आपटलं.

"ही कोण?"

जेरोनिस फोटोच्या काचा पुसत होता. त्यानं मान वर केली आणि हातातली काच पडता पडता वाचली. कार्डावर जी होती, तीच समोर उभी होती! कार्डावरची लाल ओसरिया साडी नेसून गालात हसत होती. समोरची मात्र हसण्याच्या बेतात नव्हती.

"ही... कँडीची नवरी," तो चाचरत म्हणाला. खाली इंग्रजीत तसं छापलंच होतं.

"नवरी? कुणाची? नवरदेवाचं नाव सांगा ना, मलाही कळू दे!"

तळ्याकाठच्या या फोटोच्या दुकानाचे मालक व्हान रेनेन साहेब. आगबोटीनं बेटावर आलेले गोरे लोक रेल्वेनं वर डोंगरातल्या कँडी गावी येत, इथून कार्डं घेत आणि घरी धाडत. टपालखात्याचा नियम असा, की कार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहायचा. मग ख्यालीखुशाली जायची कुठे? चित्रावरच! म्हणून फोटो काढताना जेरोनिस माणसांच्या डोक्यावर भरपूर आभाळ मोकळं सोडायचा. तिनं आणलेल्या कार्डाच्या आभाळातही कुणीतरी लिहिलं होतं, 'तुमच्या नव्या शिक्षिकेला लग्नाच्या शुभेच्छा!'

"मी तिकिरी मेनिके," ती म्हणाली. "पोयाची पौर्णिमा होती, देवळात निघाले होते. पांढरं नेसून! पोयाला लाल नेसून कोण जातं हो? आता गावात जो तो विचारतोय, लग्नाचे गोड कवुम कधी खायला घालणार. तेही सोसलं असतं. पण हे कार्ड गेलं शाळेच्या मोठ्या बाई, एकनायके नोनांकडे. त्यांच्या शाळेत लग्न झालेली बाई ठेवत नाहीत. माझी नेमणूक झाली होती... झाली *होती*!"

"मग लग्न झालं नाही म्हणून सांगा ना त्यांना."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, छापलेलं खोटं कसं असेल?" तिचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या घरात माझ्याआधी एकाही बाईनं अक्षर गिरवलेलं नाही. ही नोकरी गेली तर मी परत भातच कांडायचा ना?"

जेरोनिसला गलबलून आलं. पण माणूस आधी आपली कातडी वाचवतो, त्यानंही वाचवली.

"त्याचं काय आहे, कार्डं छापतात तिकडे जर्मनीत. इथून काळा-पांढरा फोटो जातो. छापणाऱ्यांनी कँडी कधी बघितलीय? मागच्या खेपेला त्यांनी हत्ती घोड्यासारखा तांबडा रंगवून पाठवला!"

"अस्सं!" तिच्या कपाळावरची आठी गेली. "म्हणजे तुमची काही चूक नाही. आणि मी उगाच तुमच्यावर..."

तिनं त्याच्याकडे इतक्या विश्वासानं पाहिलं, की त्याला ते सोसवेना. ओरडली असती तर बरं झालं असतं!

"थांबा," तो म्हणाला. "हत्ती त्यांचा. लाल रंग... माझा."

"म्हणजे?"

"फोटोबरोबर रंगांची चिठ्ठी जाते. ती मी लिहितो. त्या दिवशी कॅमेऱ्याशी मीच उभा होतो. तुम्ही पायरीवर थांबलात, ताटातलं कमळ घसरलं, ते सावरताना हसलात... चिठ्ठीत पांढरा लिहायचा होता. मी लाल लिहिला. नवरी झालात तर कशा दिसाल, एवढंच बघायचं होतं. खाली नवरी असं साहेब छापतील, हे... नाही आलं ध्यानात."

तिनं कार्ड उचलून डोळ्यांजवळ धरलं. मग कार्डाकडे बघतच तिनं विचारलं, "मग? कशी दिसले?"

"...छान."

"मूर्ख आहात तुम्ही!"

"आहे," तो म्हणाला आणि मागच्या फळीवरून त्यानं एक काच काढली. "पण ही बघा, मूळ काच. हिच्यावर सगळं उलटं उमटतं. तुमची ओसरिया काळीकुट्ट दिसतेय ना? म्हणजे ती पांढरी होती. लाल असती तर इथं काच नितळ दिसली असती. चला, नोनांना दाखवू."

तिनं काच उजेडात धरली आणि किंचाळली. "अगंबाई, माझे केस!"

"पांढरेशुभ्र."

"किती म्हातारी दिसतेय मी!"

"हो ना. मी गेले कित्येक महिने तुम्हाला म्हातारपणीच बघतोय," जेरोनिस हळूच म्हणाला. "माझी काही तक्रार नाही."

तिनं ओठ घट्ट मिटले. तरी हसू फुटलंच.

एकनायके नोनांनी काच खिडकीशी धरली, मागून पाहिली, पुढून पाहिली. मग चष्म्यावरून जेरोनिसकडे पाहिलं.

"चुकीचा रंग कुणी लिहिला?"

"मी, नोना."

"चुकून?"

"नाही, नोना. मुद्दाम."

तिकिरीचे कान तापले. नोनांनी आता तिच्याकडेही चष्म्यावरून पाहून घेतलं.

"उद्यापासून ये," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांचा करार. राहायचं वसतिगृहात. तोवर लग्न नाही. आणि पुरुषांना फाटकाच्या आत येता येणार नाही. फोटोवाल्यांना तर मुळीच नाही."

तिची नोकरी वाचली म्हणून जेरोनिसला खरोखर आनंद झाला. आणि ती बिनलग्नाची आहे हे आपल्याच हातानं शाबीत करून आपण तिला भिंतीपलीकडे पोचवलं, म्हणून तेवढंच वाईटही वाटलं.

तळ्याच्या कठड्याशी दोघं थांबले. पाण्यावरून गार वारा येत होता. तिनं पदर खांद्याभोवती ओढून घेतला.

"पुढच्या खेपेला पांढरा लिहा," ती म्हणाली.

"लिहितो. तिकिरी मेनिके... एक विचारू?"

"नका विचारू." ती पाण्याकडे बघत होती. "विचारलंत तर उत्तर द्यावं लागेल. आणि माझ्याजवळ आत्ता काय आहे? एक नोकरी, तीही उद्यापासूनची. आधी ती जरा माझी होऊ दे."

"मग मला कळणार कसं?"

"पोस्टानं," ती म्हणाली आणि मागे न बघता निघून गेली.

व्हान रेनेन साहेबांनी त्याला फैलावर घेतलं, पण लाल नवरी धडाक्यानं खपत होती, म्हणून ठेवून घेतलं. दुकानाच्या दारातून तळ्यापलीकडची शाळेची भिंत दिसायची. जेरोनिसचं अर्धं लक्ष भिंतीकडे आणि अर्धं पोस्टमनच्या वाटेकडे. पाऊसकाळ आला, सरला. पोस्टमन हेन्द्रिक अप्पू रोज दुकानावरून जायचा आणि रोज नुसती मान हलवायचा. ती विसरली असेल, असं जेरोनिस मनाशी म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा राहायचा.

एका सकाळी मात्र हेन्द्रिक अप्पू लांबूनच ओरडत आला.

"मल्ली! अरे भावा, हो म्हणतेय ती!"

"क... कोण?"

"कोण काय विचारतोस? टपालकचेरीत सकाळपासून दुसरा विषय नाही! शिक्का मारणाऱ्यानं वाचलं, त्यानं थैलीवाल्याला वाचून दाखवलं. मोठ्या साहेबांनी तर घरून चष्मा मागवला!"

ते तेच कार्ड होतं, कँडीची नवरी. तिच्या डोक्यावरचं आभाळ वाटोळ्या अक्षरांनी भरून गेलं होतं...

'जेरोनिस, तुम्ही जे विचारलं नाहीत त्याचं उत्तर — हो. करार संपला की. पाकिटात घालता आलं असतं, मुद्दामच नाही घातलं. माझं लग्न झालं, हे एवढ्या लोकांनी वाचलं. आता ते ठरलंय, हेही त्या सगळ्यांनी वाचावं. — तिकिरी.'

आणि खाली, लाल ओसरियाच्या काठाशी, वेगळ्या अक्षरात एक ओळ होती, 'दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. एक दिवस आधी नाही. — एकनायके.'

जेरोनिसला पुढचं दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले, पुन्हा वाचलं, आणि हसू लागला.

हेन्द्रिक अप्पूनं थैली खाली ठेवली आणि बाकावर बैठक मारली.

"आता रडतोस काय, हसतोस काय? आटप, उत्तर लिही," तो म्हणाला. "कचेरीत सगळे खोळंबलेत."