काशीच्या मशीनचा पट्टा

"मामा, मशीनचा पट्टा चोरला. तुमी या, मग मी चौकीवर जातो," एवढं बोलून धनेशनं फोन ठेवला.

वामनमामांनी कुरकुरत चपला अडकवल्या. पोलिसातली चौतीस वर्षं संपली, तरी तळवलीत कुणाचं काही हरवलं की यांनीच गुडघे झिजवायचे, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. रविवारचे दहा वाजले होते.

धनेश त्यांचा भाचा. त्याची बायको काशी चार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांपुरता आगरी मसाला करायची. आता अंगणालगतच्या खोलीत मिरची कुटायची कांडप मशीन होती, आणि एपीएमसी बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं पहिल्यांदाच दोनशे किलो मसाला मागवला होता. उद्या पोचवायचा होता. निम्मी मिरची अजून कांडायची होती, आणि मशीन फिरवणारा रबरी पट्टाच गायब.

"कुंदननंच नेला," धनेश म्हणाला.

कुंदन म्हणजे धनेशचा शेजारीच राहणारा चुलतभाऊ. त्याचीही कांडप मशीन होती, आणि हीच ऑर्डर त्यालाही हवी होती. सकाळी तो चाळण परत करायला खोलीत जाऊन आला होता. एका तक्रारीनं दोन घरं कायमची तुटतील, हे मामांना स्वच्छ दिसत होतं.

काशीनं चहा आणला. तिचे डोळे लाल होते, पण मसाल्याच्या घरात लाल डोळ्यांचं नवल ते काय? कपाचा कान मामांच्या बोटांना तेलकट लागला.

"पट्टा शेवटचा कुणी बगितला?"

"मीच. सातला," काशी म्हणाली.

"आनि नाय ते कधी कललं?"

"नऊला. मशीन लावायला गेली तवा."

त्या दोन तासांत अंगणात चार बायका मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. एकीनंही जागा सोडली नव्हती. कुंदन बनियन-लुंगीवर आला आणि रिकाम्या हातानं गेला, असं त्या म्हणाल्या. धनेशला दमा, तो खोलीत पाऊल टाकत नसे. काशीच्या सासूबाईंच्या, म्हणजे मामांच्या बहिणीच्या, डोळ्याचं गेल्याच आठवड्यात ऑपरेशन झालेलं, त्यांना मिरची वर्ज्य. कुंदन कोपरापर्यंत हातमोजे घातल्याशिवाय मसाल्याला शिवत नाही, हेही बायकांनी हसून सांगितलं.

"नवीन पट्टा का नाय आनला?" मामांनी विचारलं.

धनेश निघाला होता. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून काशीनंच त्याला थांबवलं होतं.

मामा खोलीत शिरले. तयार मसाल्याची चार पिंपं होती. तीन काठापासून चार बोटं खाली, चौथं काठोकाठ. त्याच्या झाकणावर बोटांचे तेलकट ठसे होते. मामांनी त्या ठशांचा वास घेतला आणि दमलेला सुस्कारा सोडला. मग सगळ्यांना आत बोलावलं. धनेश तोंडाला रुमाल लावून आणि सासूबाई काळा चष्मा लावून दारातच उभे राहिले.

मामांनी खोबरेल मागवलं, कोपरापर्यंत चोपडलं आणि चौथ्या पिंपात हात घातला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पट्टा वर आला.

"बायकांसमोरून पट्टा भायेर गेला नाय, म्हंजे तो हितंच असनार. वैऱ्यानं तो कापला असता. हितं तर मसाला खराब होऊ नये म्हनून गुंडाललाय. मसाल्यात हात घालायचा तर आग होऊ नये म्हनून एकतर हातमोजे, नायतर खोबरेल. कुंदन मोजे घालतो, त्याचे ठसे तेलकट कशे पडतील? या घरात खोबरेल लावून मसाला मिसलनारी एकच हाय. चहाच्या कपाला पन तेच तेल हुतं. आनि नवीन पट्टा आनायला निघालेल्या मानसाला तिनंच अडवलं."

काशी पिंपाशेजारी मटकन खाली बसली.

"तीन आठवडं चार तासाच्या वर झोप नाय, मामा. मना एक दिवस झोपायचं हुतं. ह्ये कुंदनचं नाव घेतील, असं वाटलं नवतं. मंग तोंडच उघडंना."

"मना सांगायचं ना," धनेश म्हणाला.

"कवा? तुमी सगले किती खूश हुते."

मामांना स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं ते त्या घरी मसाला न्यायला यायचे, आणि तिला कधी बसलेली पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

सासूबाईंनी पट्टा दारातूनच मागून घेतला आणि पदराखाली दाबला.

"यो आता परवा मिलल," त्या मुलाला म्हणाल्या. "व्यापाऱ्याला फोन लाव, बुधवारी देतो बोल. आनि कुंदनकडं तूच जा. उरलेली मिरची त्याच्या मशीनवर कांड म्हन."

धनेशनं मान खाली घालून नंबर लावला. व्यापाऱ्यानं फोन उचलला तेव्हा तो अगदी हळू आवाजात बोलला. काशी पिंपाला टेकून केव्हाच झोपली होती.