सातव्या वीराचं कूपन

पौडच्या एसटी स्टँडसमोर ताजुद्दीनचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. १९८३च्या ऑगस्टात पुण्याहून आलेल्या गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि वरच 'वज्रपंचक' दिसलं. पाच वीरांच्या टोळीची ही चित्रकथा सव्वीस वर्षांपूर्वी बंद पडली होती. आता कुणा नव्या मालकानं ती पुन्हा काढली होती, कागद तेवढा जास्त गुळगुळीत.

पूर्वी तिच्या शेवटच्या पानावर कूपन असे : 'सहावा वीर व्हा.' नाव, गाव, वय लिहायचं आणि कापून पाठवायचं. ताजुद्दीनच्या थोरल्या भावानं, बाबालालनं, अकराव्या वर्षी ते पाठवलं. महिन्याभरात, पुढचा अंक आणायला म्हणून भरदुपारी स्टँडवर गेला, तो परतलाच नाही. पोलीस झाले, पीर झाले, विहिरी उपसून झाल्या. अंकही तेव्हाच थांबला. खपत नसेल म्हणून थांबला, असंच ताजुद्दीन आजवर मानत आला होता.

त्यानं अंक चाळला. तिसऱ्या पानावर पाच वीर किल्ल्याच्या खचत्या तटाला खांदे लावून उभे होते. त्यांच्यात सहावा एक पोरगा होता. हाफपँट, उजव्या भुवईत खाच, डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. बाबालालचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता.

'योगायोग,' म्हणत त्यानं अंक वह्यांखाली सारला. पण त्याच्या आईचे, मैमुनाचे, डोळे सत्तरीतही घारीचे. डबा घेऊन आली, वह्या बाजूला केल्या आणि अंक उघडून पोरावर बोट ठेवलं.

"ह्यो माझा बाब्या हाय."

"अम्मा, चित्र हाय ते."

"भुवई बघ की. चिंचंवरनं पडला तवाची."

मग दर महिन्याला अंक आला की पहिला तिच्या हातात. सप्टेंबरात पोरगा वाळलेला वाटला. ऑक्टोबरात त्याचे गुडघे वाकले होते. पाची वीर मात्र धट्टेकट्टे. ताजुद्दीनला आता दुकानात एकटं बसवेना. शाई कमी पडली असेल, चित्रकार बदलला असेल, अशी तो मनाची समजूत घालत राहिला.

नोव्हेंबरच्या अंकात कूपन होतं : 'सातवा वीर व्हा.' वयाची अट नव्हती.

"माझं नाव भर, ताजू."

"खुळ्यागत करू नगं, अम्मा."

"सव्वीस वर्सं लेकरू भित धरून उभं हाय. मी नगं जायाला?"

दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही. शेवटी त्यानं पेन घेतलं. भुताखेतांना न मानणारा माणूस कूपन भरायला बसला. आईशिवाय त्याला दुसरं कोण होतं?

'गाव' या रकान्यापाशी त्याला युक्ती सुचली. मैमुनाचं माहेर केळटाके. ती परकरी पोर असतानाच मुळशी धरणाच्या पोटात गेलेलं. पण गाव विचारलं की धरणाची माणसं अजूनही बुडालेल्याच गावाचं नाव सांगतात, आणि कचेरीतही तेच लिहून घेतात. त्यानं पौड न लिहिता केळटाके लिहिलं. कुणी न्यायला आलंच, तर बसेल तिथं पाण्यात शोधत. त्यानं वाचून दाखवलं, तशी मैमुनानं खाली अंगठा उठवला आणि कूपन पोस्टात पडलं.

आठ दिवसांनी, टळटळीत दुपारी, मैमुना घरात नव्हती.

ताम्हिणीच्या गाडीचा कंडक्टर गेणबा परत आल्यावर सांगू लागला. "म्हातारी केळटाक्याचं तिकीट मागत हुती. म्हटलं, आजे, त्ये तर पान्याखाली. तर म्हनली, न्यायाला येनार हायेत. तळ्याच्या कडंला उतरली."

काठावर तिच्या चपला सापडल्या. नीट जोडून ठेवलेल्या, पाण्याकडं तोंड करून. होडीवाल्यांनी तीन दिवस गळ टाकले, पण काही लागलं नाही.

ताजुद्दीन ढसाढसा रडला. मग एकच गोष्ट त्यानं घट्ट धरून ठेवली : निदान ती बाबालालपाशी पोचली असेल.

डिसेंबरचा गठ्ठा त्यानं स्टँडवरच फोडला.

तट होता. पाच वीर होते.

पोरगा होता.

सातवं कुणी नव्हतं. त्यानं एकेक पान पाहिलं, मलपृष्ठही पाहिलं. मैमुना कुठंच नव्हती.

तो पुन्हा तिसऱ्या पानावर आला. पोरानं तटाकडची मान वळवून थेट बाहेर पाहिलं होतं. त्याच्या तोंडापाशी बारीक अक्षरांत छापलं होतं :

"ताजू, अम्मा कुटं हाय?"