रिकामा डबा परत देत नाहीत

ब्रुजला आम्ही एकच दिवस होतो आणि त्यातला निम्मा आईच्या चपलेनं खाल्ला. तिथले रस्ते सगळे दगडी, उंचसखल. आईनं सोलापुरातून निघताना नवी कोरी चप्पल घातलेली. बरोबर मधल्या पुलावर चपलेचा अंगठा तुटला.

माझी ऋतुजाताई बेल्जियममध्ये शिकते, गेंट नावाच्या शहरात. दिवाळीच्या सुट्टीत पप्पांनी आम्हा दोघींना तिच्याकडे पाठवलं. ते स्वतः दुकान सोडून कुठं येत नाहीत. विमानतळावरचं सगळं इंग्रजी मी बोलले. हे मीच सांगून टाकते, आई कुणाला सांगायची नाही. तिचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होतं. शिक्षण संपल्यावर ताई घरी येणार, की तिकडचीच होणार? उघड काही विचारायची नाही, पण ताई ब्रेडला लोणी लावायला लागली तरी आई तिच्याकडं टक लावून बघायची.

तशी ताई बदललेली नव्हती. पुण्यात कॉलेजला असताना तिच्या बोलण्यातल्या 'की'मुळं मुली तिला 'कीकी' म्हणायच्या. तरी तिनं तो सोडला नाही. ब्रुज दाखवतानाही तेच. "हितं सगळी बघायला येत्यात, राहत कुणीच न्हाय की," ती म्हणाली. खरंच होतं. कालवे, हंस, चौकातलं उंच घंटाघर, चॉकलेटचा आणि घोड्याच्या लिदीचा एकत्र वास, आणि जिकडंतिकडं फोटो काढणारी माणसं. त्या घरांच्या खिडक्यांत मात्र कुणी दिसत नव्हतं.

एका खिडकीत दिसलं. पुलापलीकडच्या गल्लीत, पांढऱ्या बुटक्या घरात एक म्हातारी बाई लेस विणत बसली होती. मांडीवर गोल उशी, उशीवर टाचण्याच टाचण्या, आणि दोऱ्यांना लोंबणाऱ्या लाकडी काड्या. त्या एकमेकींवर आपटून खटखट वाजत होत्या. आमच्या घरामागच्या यंत्रमागाचा आवाज कुणीतरी डबीत भरावा तसा.

आई तिच्या पायरीवर टेकली. बाई बाहेर आली, काही न विचारता चप्पल उचलून घेतली आणि पांढऱ्या दोऱ्यानं अंगठा शिवून दिला.

आता आई कुणाचं फुकट ठेवून घेत नाही. तिनं पर्समधनं शेंगाचटणीचा डबा काढला. स्टीलचा, लहानसा. तिच्या लग्नात तिच्या आईनं दिलेल्या भांड्यांपैकी. झाकणावर टिंबाटिंबांच्या अक्षरात आज्जीचं नाव आहे, 'सौ. गोजरबाई, माढा'.

"खावा, मावशी. घरची हाय," आई मराठीतच म्हणाली.

बाईनं बोट बुडवून चाटलं. मग परत. मग पाची बोटांनी. चटणी आमच्या भागातली, पप्पांच्यासुद्धा डोळ्यांतनं पाणी काढणारी. ही ना खोकली, ना तिनं पाणी मागितलं. जेवतेय असं वाटतच नव्हतं. कुणाची तरी आठवण काढत असल्यासारखी खात होती.

"आजी, लई तिखट हाय की! पाणी प्या की!" ताई ओरडली.

बाईचा हात थांबला. पहिल्यांदाच तिनं ताईकडं नीट बघितलं.

"की," ती म्हणाली. हळू, गोळी चघळावी तशी.

आम्ही तिघी हसलो. ताईला चेव चढला. "व्हय की! न्हाय की! चला की!" ती म्हणत गेली आणि बाई डोळे मिटून ऐकत राहिली.

निघताना आईनं डब्यासाठी हात पुढं केला. बाईनं डबा छातीशी धरला, मान हलवली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. ताईला ती भाषा थोडी येते.

"भरून देते म्हणत्यात."

आईचा चेहरा एकदम खुलला. "बघ! रिकामा डबा परत द्यायचा न्हाय, हे हितंबी हाय की. आपल्यासारखीच माणसं. असू दे मावशी, सावकाश. ऋतू येऊन न्हेईल."

सोलापुरात आल्यावर आईनं हे अख्ख्या गल्लीत सांगितलं.

ताई रविवारी ब्रुजला जायची आणि रात्री आम्हाला व्हिडिओ कॉल करायची.

"दिला का डबा?" आईचा पहिला प्रश्न.

"अजून भरला न्हाय म्हणत्यात. मला बसवून घेत्यात. मी बोलायचं, त्या विणायच्या."

"काय बोलतीस गं?"

"काहीबी. त्यांना कळत न्हाय, तरी ऐकत्यात."

या बोलण्यात काहीतरी कमी होतं. मला ते झोपताना कळलं. पुढच्या रविवारी मी मुद्दाम चिडवलं, "काय कीकी, लई शहाणी झालीस! तुझा 'की' कुठं गेला?"

"कुठला की?" ताईनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

मग 'लई' गेला. 'हाय'चं 'आहे' झालं. शेंगांना काय म्हणतात ते तिला आठवेना. हातानं सोलून दाखवायला लागली. पप्पा म्हणाले, अभ्यासाचा ताण असंल. आई म्हणाली, "झाली तिकडची," आणि भाकरी थापता थापता रडली.

संक्रांतीला ताईनं फोनवर विचारलं, "तुम्ही कशा आहात?" तुम्ही. आईला.

"ऋतू, डबा ऱ्हाऊ दे बाई," आई म्हणाली. "नको जाऊस तिकडं. चुलीत जाऊ दे डबा."

ताई स्क्रीनवरनं शांतपणे बघत होती. तिच्या मागं कुठंतरी खटखट चालू होती.

"आता थोडंच राहिलंय," ती म्हणाली.

मे महिन्यात ती घरी आली. कायमची, असं पप्पांना कळवलेलं. आईनं उंबरा धुतला, रांगोळी घातली. आधी ताई फाटकातनंच ओरडायची, "आये, भूक लागली की!" या वेळी बेल वाजली.

ती दारात उभी होती. तेच केस, हनुवटीवर तोच तीळ. आत ये म्हटल्यावर आत आली.

"हे तुमचं," ती म्हणाली आणि आईच्या हातात डबा दिला. झाकणावर आज्जीचं नाव. "भरला."

मग बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली. पंख्याखाली, हात मांडीवर. तिची बोटं सारखी हलत होती, एकावर एक, एकावर एक.

आई डबा घेऊन स्वयंपाकघरात आली. मी मागोमाग.

"जड हाय," आई म्हणाली.

तिनं झाकण काढलं. आत लखलखीत स्टील. दुसरं काही नाही. आईनं डबा उजेडाकडं तिरका केला, बोट फिरवलं.

"अगं, हा तर रिकामाच हाय."

"न्हाय की," डब्यातनं ताई म्हणाली.

मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं.

बाहेरनं खुर्चीचा आवाज आला. "आपण मला काही म्हणालात का?"

"न्हाय बाळा," आईनं उत्तर दिलं. आवाज अगदी साधा. "बस तू. चहा टाकते."

तिनं डबा वरच्या फळीवर ठेवला, भिंतीकडं, कुणाचा धक्का लागणार नाही असा. मग झाकण घातलं. घट्ट नाही. आत जरा वारं जाईल, एवढी फट ठेवून.