हवा काढायचा खिळा

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यातला गुरुवार. रात्री प्रताप नगरच्या आमच्या अंगणात ह्यांचा डबा बांधता बांधता मी सहज म्हटलं, "सळयांचा ट्रक आहे. टायर तापले तर थोडी हवा सोडा." मी मॅट्रिक. तापली की हवा फुगते, हे पुस्तकात वाचलेलं. पुढचं मीच जोडलं. ह्यांच्या मालकाचाही हुकूम तोच होता.

मामंजी, म्हणजे नत्थूजी, जन्मभर ट्रकवर राहिलेले. बाजेवर उठून बसले. विडी विझवून ह्यांना म्हणाले,

"ओमप्रकाश, बस. चंपतराव माहा दोस्त होता. त्याचा मालक गाडी फुटेस्तोवर भरे अन् सांगे, टायर तापलं का हवा काढ, थांबू नको. चंपतच्या आधी त्या गाडीवर कवडू ड्रायव्हर. त्यानं ऐकलं. अरे, गरम टायर टणक राहतेच. हवा काढली का ते बसते. बसलं का वजनाखाली मळल्या जाते, आणखी तापते. देवलापारच्या जंगलात फुटलं. कवडू गेला. मालक म्हणे, ड्रायव्हर झोपला होता."

"अन् आता तो भूत होऊन येते काय, बाबा?" हे हसले.

"हसू नको. मागच्या साली, मेमधला शनिवार, रात्रीचे दोन. तिथंच चंपतनं गाडी उभी केली. टायरले हात लावला तं चटका. हवा सोडाले वॉलची, हवा भराच्या तोंडाची, पिन दाबाले त्याच्यापाशी खिळा होता, लाल दोरा बांधलेला. खाली बसला. खिळा टेकवला...

"मागून आवाज. 'काहून काढून राहिला गा?'

"चंपतनं खिळा तसाच धरून ठेवला.

"'मालकानं सांगतलं?'

"चंपतनं मान डोलावली.

"'मलेही सांगतलं होतं.'

"खिळा हातातून गेला. कोणी ओढला, दिसलं नाही. जळक्या रबराचा वास. चंपत केबिनमध्ये शिरला. पहाटेपर्यंत हलला नाही. टायर थंडे झाले, हवा बरोबर भरली. घरी आला जिता. अन् इकडे मालकाच्या सागवानी दारात खिळा. डोक्यापर्यंत ठोकलेला. लाल दोरा बाहेर."

मामंजींनी हात पुढे केला. "तुहा खिळा."

ह्यांनी खिशातून काढून खिडकीत ठेवला. "घ्या. भुतापेक्षा तुमचाच राग भारी." आणि ट्रकवर गेले.

रात्रभर मी चिडून जागी होते. मालकावर, ह्यांच्या हसण्यावर, सगळ्यात जास्त माझ्या त्या शहाण्या सल्ल्यावर.

हे शनिवारी परतले. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "त्याच रात्री देवलापारपाशी टायर लई तापले. सोबतचा मुनीम ओरडून राहिला होता, हवा काढ, हवा काढ. मी खिसा चाचपला. खिळा कुठं होता?"

मी बोट पदरात लपवलं.

शुक्रवारी सकाळी, बाळाच्या हाती लागू नये म्हणून मी तो खिळा उचलायला गेले होते. चटका बसला. फोड अजून होता. उन्हानं तापला असेल, असं मी स्वतःला समजावलं होतं.

आमची ती खिडकी पश्चिमेला आहे.